लेकीच्या ब्रशची तपासणी

नवऱ्याने मोबाइलवरून मागवलेला ब्रश घरी आला तेव्हा लेक पावणेदोन वर्षांची होती. नेहमीचे केस त्याला नव्हतेच. दांडीच्या टोकाला घोड्याच्या नालेसारखा सिलिकॉनचा मऊ साचा होता. तो अख्खा तोंडात घालायचा, बटण दाबायचं, की निळा दिवा लागून साचा थरथरायला लागतो आणि तीस सेकंदांत वरचे-खालचे सगळे दात साफ, असं खोक्यावर लिहिलं होतं. नवरा खूश. माझं डोकं मात्र पहिल्याच मिनिटाला फिरलं. मी नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीत विमानांच्या सुट्या भागांची तपासणी करते. सोबत कागद नसेल तर साधा वॉशरही मी पुढे जाऊ देत नाही. इथे पोटच्या पोरीच्या तोंडात बॅटरी जाणार होती आणि ती कोणी तपासली, याबद्दल खोक्यावर अवाक्षर नव्हतं.

मग मीच तपासायला बसले. चार्जिंगला लावून दर दहा मिनिटांनी हात लावून पाहिला. कोमट झाला, तापला नाही. एका रविवारी दिवसभर बादलीत बुडवून ठेवला. चार्जिंगच्या भोकाचं रबरी झाकण आधी नखाने, मग चिमट्याने ओढलं, कारण एवढंसं झाकण निघून घशात अडकलं तर काय, हे माझ्या डोक्यातून जाईना. सिलिकॉन उकळत्या पाण्यात घालून वास घेतला. निळा दिवा कशासाठी आहे, हे तर कुठेच सापडलं नाही. माहितीपत्रकातलं इंग्रजीही असं, की लिहिणाऱ्याने ते स्वतः वाचलं नसावं. नवरा म्हणाला, तू हिला ब्रश देते आहेस की उड्डाणाचं सर्टिफिकेट? मी म्हटलं, विमान पडलं तर चौकशी तरी होते.

शेवटी ब्रश आणि लेक, दोघांनाही दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी साचा तिच्या तोंडात धरून दाखवला. प्रत्येक पोराचा जबडा वेगळा, त्यामुळे निम्म्या दातांना हा टेकतच नाही, दिवा नुसता शोभेचा, पण झाकण घट्ट आहे, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी घेतली तर अपाय व्हायला नको, असं ते म्हणाले. साधा छोटा ब्रश मात्र यापेक्षा कधीही बरा. नवऱ्याचा हिरमोड नको म्हणून मी तह केला, सकाळी यंत्र आणि संध्याकाळी साधा ब्रश.

सगळ्यात जास्त विरोध माझ्या आईचा. आई उमरेडची. मी पुन्हा नोकरीवर जायला लागल्यापासून लेकीला सांभाळायला ती आमच्याकडे राहत होती. मी साडेसातच्या कंपनीच्या बसने निघायची, नवरा लेकीचे दात घासून आठला निघायचा, आणि पुढचा सगळा दिवस आईचा. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "तिच्या तोंडात मशीन काहून घालून राहिले वं तुम्ही?" मी ते हसण्यावारी नेलं.

दुसऱ्या आठवड्यात लेक सकाळी ओकायला लागली. ओकायची, घामाने गार पडायची, लाळ गाळायची आणि दुपारपर्यंत मलूल पडून राहायची. दोन दिवस ठीक, की पुन्हा तेच. बालरोगतज्ज्ञांनी पोट तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. औषधं कुठे ठेवता, घरात कोणी तंबाखू खातं का, ओढतं का, हेही त्यांनी विचारलं. नागपुरात राहून माझा नवरा तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरत नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं. आमच्या घरी सुपारीसुद्धा कोणी खात नाही, असं आईही म्हणाली. मग मी ब्रशची गोष्ट काढली. काही दिवस बंद ठेवून बघा, असं ते म्हणाले.

मला तर तेच हवं होतं. ब्रश कपाटात गेला. तुझंच बरोबर होतं, असं मी आईला कबूलही केलं. आणि त्याच आठवड्यात पोर चार दिवस ओकली.

मी चक्रावले. यंत्र बंद केलं आणि त्रास वाढला, हे कोणत्या हिशेबात बसतं? सिलिकॉनमधलं काही अंगात मुरलं असेल का? जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर नाही नाही ते वाचून मी रडकुंडीला आले. लेकीचं वजन उतरलं होतं. गाल बसले होते. नवरा तर ब्रश मागवल्याबद्दल स्वतःला बोल लावत बसायचा, आणि मीही त्याला दोन शब्द जास्तच ऐकवले.

एका गुरुवारी माझी बस चुकली. अर्धा तास उभी राहून मी घरी परतले, माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. नवरा नुकताच गेला होता. आई बाल्कनीतल्या नळापाशी पाटावर बसली होती, लेक तिच्या मांडीत, आणि शेजारी स्टीलची एक छोटी डबी उघडी. ती डबी मला कळायला लागल्यापासून ठाऊक होती. त्यात आईचं मंजन असायचं, काळं, चिकट. उमरेडला गेली की एसटीने परत येताना ती ते आणायची आणि डबीत भरून ठेवायची. त्याचा गोडसर कडू वास म्हणजे माझ्या लेखी आईचाच वास. तो कशाचा आहे, असा प्रश्न मला पस्तीस वर्षांत पडला नव्हता. आईने बोट डबीत बुडवलं आणि लेकीच्या हिरड्यांवरून फिरवलं. लेक शहाण्यासारखी तोंड उघडून बसली होती.

मी तिला उचललं, पाण्याने तोंड पुसलं आणि डबी नाकाशी धरली. कामावर एखादी वस्तू तपासते तशी, जन्मात पहिल्यांदा.

"आई, यात काय असतं?"

"गुडाखू आहे न वं. गूळ अन् तंबाखू."

वरणात काय घातलं ते सांगावं, इतक्या सहज तिने सांगितलं. मग डॉक्टरांसमोर घरात कोणी काही खात नाही असं का म्हणालीस, असं मी विचारलं.

"त्यानं खाता का म्हणून विचारलं. खाऊन कोण राहिलं? हे मंजन आहे. त्या मशीनचं मले भेव वाटे. म्हणून मधून मधून लावून देत होती. मशीन बंद झाली, मंग रोजच लावलं. तुलेबी लावलं होतं दात येतानी. तुले काय झालं?"

मला राग यायला हवा होता, पण तोही येईना. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. त्या कळशात निदान पाणी असतं. माझ्या घरात विष होतं आणि मी बादलीत ब्रश बुडवून बघत होते.

लेकीला घेऊन आम्ही दोघी तशाच बालरोगतज्ज्ञांकडे धावलो. मी सांगितलं तसे ते खुर्चीतून उठलेच. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं. एवढ्याशा जिवाला बोटभर तंबाखूही फार होते, वेळेवर कळलं म्हणून निभावलं, यापुढे कणभरही नको, असं ते म्हणाले. आईने प्रत्येक शब्द ऐकला. घरी आल्यावर तिने डबी कचऱ्यात रिकामी केली. स्वतःसाठीही ठेवली नाही.

उलट्या थांबल्या. लेक पुन्हा पोटभर जेवायला लागली. आईचं मात्र डोकं धरलेलं असायचं, चहाचा कप उचलताना हात कापायचा. मला वाटलं, संकट टळलं, आता हळूहळू सगळं रुळावर येईल.

चौथ्या सकाळी लेक उठल्यापासून किरकिरत होती. मी दूध दिलं, ते ढकललं. मग ती दुडूदुडू आजीसमोर गेली आणि तोंड उघडून उभी राहिली. आई हलली नाही. लेकीने तिचा हात ओढला, बोट धरून स्वतःच्या हिरड्यांवर घासलं, आणि चव लागेना तशी ते कडकडून चावली. मग फरशीवर लोळण घेऊन असा आकांत मांडला, की नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आला. मी तिला उचलून घेतलं तरी ती आजीकडेच हात करत होती. आईने चावलेलं बोट पुसलंही नव्हतं.

"तलप आली वं इले," ती म्हणाली. "मलेबी अशीच येऊन राहिली."