चुन्याच्या टाकीवरचे कडूबाभाऊ

पहिल्याच भेटीत कडूबाभाऊंनी माझ्या डब्यातल्या ताकाची तपासणी केली. अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर मी प्रयोगशाळेत नवाच केमिस्ट म्हणून लागलो होतो. जेवायला बसलो, तर मिशीवर चुन्याची धूळ बसलेला एक पन्नाशीचा माणूस समोर येऊन टेकला. माझ्या ताकाचा थेंब त्याने तळहातावर घेतला, खिशातून पीएच पेपरचा तुकडा काढला आणि त्यात बुडवला. कागद लालसर झाला. "आंबट हाय," तो समाधानाने म्हणाला, "पिऊन घ्या." ते तर मी नुसतं चाखूनही सांगितलं असतं!

दहावी नापास कडूबाभाऊ उसाच्या रसात चुना सोडायच्या टाकीवर होते. रस मुळात आंबट. तसाच तापवला तर साखर मोडते, म्हणून आधी चुना. जन्मभर हेच केल्यामुळे कुठलाही पातळ पदार्थ दिसला की याला चुना किती लागेल, अशाच नजरेने ते बघत. चिंचेचं सार, कैरीचं पन्हं, स्वतःची थुंकी, कशाचीच सुटका नव्हती. नाव कडू, नोकरी गोडाची आणि डोक्यात कायम आंबट, असं आम्ही त्यांना चिडवायचो. त्यांचं उत्तर ठरलेलं. "रस आंबट येणारच, साहेब. त्याच्यावर चिडायचं न्हाई. आपला चुना बराबर पायजे."

एकदा त्यांनी मला कोंडीतच पकडलं. "पोटात तेजाब असतं म्हणता न? मंग ते जेवणासंगं खाली उतरलं की आतडं जळत कसं न्हाई? तिथं चुना कोण टाकून राह्यलं?"

मी बी.एस्सी. झालेला, तरी घरी जाऊन जुनं पुस्तक शोधलं आणि दुसऱ्या दिवशी टाकीजवळ उभा राहून सांगितलं. जठर अन्न घुसळतं, त्यातलं आम्ल आणि पाचकरस मिळून त्याची पेज करतात. जठराच्या खालच्या टोकाची झडप ती पेज थोडी थोडीच पुढे सोडते. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच स्वादुपिंडाचा रस येऊन मिळतो, तो आम्ल मारतो. यकृताकडून पित्त येतं, ते तेलातुपाचे बारीक थेंब करतं. आतल्या चिकट अस्तरामुळे जठर स्वतः जळत नाही; ते अस्तर बिघडलं तर जखम होते, आणि आम्लात रक्त पडलं की काळं पडतं. भाऊंचा एक डोळा टाकीवर, एक माझ्यावर. "म्हंजे माझी ड्युटी स्वादुपिंड करून राह्यलं," ते म्हणाले, "आन् तेही बिनसुट्टीचं!" पुढे आठवडाभर त्यांनी हे दिसेल त्याला ऐकवलं.

पुढच्या हंगामात जिन्यावरून घसरून माझा गुडघा दुखावला. दुकानातून आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या मी उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर घेऊ लागलो. पोटात आग पडायची, बिस्किट खाल्लं की विझायची, म्हणून खिशात पुडाच ठेवू लागलो. मग शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं. तरी मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. असलं काय सांगायचं! टाकीजवळ उभं राहून दिलेला धडा आठवत होता, पण तो आपल्यालाच लागू पडतो हे काही मन घेईना.

एके दिवशी दोन जिने चढून मी धापा टाकत उभा होतो. भाऊंनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, ती आतून पांढरीफटक होती, आणि चार माणसांत विचारलं, "साहेब, परसाकडला काळं होऊन राह्यलं का?"

"काहीतरीच काय, भाऊ!"

"रंग सांगा."

"नाही म्हटलं ना!"

त्यांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "तेजाबात रक्त पडलं की काळं. तुम्हीच सांगितल्तं. मी न्हाई विसरलो. लाज मोठी का जीव?"

मी मान खाली घालून 'हो' म्हणालो.

गाळप चालू असताना जेवायलाही टाकीपासून लांब न जाणाऱ्या त्या माणसाने टाकी दुसऱ्याच्या हवाली केली, जीप मागवली आणि मला जालन्याला नेलं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. उपाशीपोटी घेतलेल्या गोळ्यांनी लहान आतड्याच्या तोंडाशीच जखम केली होती आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. मला रक्त चढवावं लागलं. वेळेवर आणलं म्हणून वाचले, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर बायको बाहेर जाऊन भाऊंच्या पाया पडू लागली. ते दचकून मागे सरले. "माझं काय हाय, ताई? साहेबाचं शिकवणं साहेबाला वापस केलं."

पण खरं तेवढंच नव्हतं. मी ते पुस्तकात वाचलं होतं, त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. आणि विचारायची लाज धरली नव्हती. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते फिटावेत असं मला वाटतही नाही.

भाऊ आता निवृत्त होऊन कुंभार पिंपळगावला असतात. वर्षातून दोनतीनदा मी त्यांच्याकडे जातो. सून चहा आणते, नातवंडं भोवती असतात, शेजारचं कुणीतरी ओट्यावर बसलेलं असतं. भाऊंना हल्ली कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्यानेच विचारतात, "साहेब, रंग?"

आणि केस पिकलेला, दोन पोरांचा बाप असलेला मी त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगतो, "पिवळा, भाऊ. एकदम पिवळा."