फाटकवाल्या मामांची हिरवी काच

फाटकवाले मामा ऐन चैत्रात रान हिरवं करून दाखवायचे. पूर्णेच्या अलीकडे आमच्या गावाला रेल्वेचं फाटक होतं, तिथे ते नोकरीला होते. फुटक्या कंदिलाची हिरवी काच त्यांनी जपून ठेवली होती. ती डोळ्याला लावली की वाळलेलं गवत, धुळीची पायवाट, फाटकाशी ताटकळलेले पांढरे बैलसुद्धा हिरवे व्हायचे. हिरवे बैल बघून आम्ही पोरं खुळ्यासारखी हसत सुटायचो.

काच एक आणि पोरं दहा-बारा. मामांचा नियम ठरलेला. "आधी आला त्येचा नंबर आधी. दहा मोजूस्तोवर बघायचं, मग पुढच्याला द्यायचं." वरच्या आळीतली मी आणि बौद्धवाड्यातली त्यांची लेक शालन एकामागे एक उभ्या राहायचो. गावात पाणवठे वेगळे होते, इथे रांग एकच होती. माझी पाळी आली की मामा काच सदऱ्याला पुसून म्हणायचे, "ये गं बारके, बघ, रान कसं लय झ्याक दिसायलंय!"

आई विचारायची, "कुणाच्या डोळ्याला लागलेली काच लावून आलीस?" आणि तोंड धुवायला लावायची. मी धुवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

मग विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव माथी भडकली. एका दुपारी आमच्याच गावाने बौद्धवाडा पेटवला. संध्याकाळी माझे काका घरी आले, हात धुऊन जेवायला बसले. त्यांच्या अंगाला रॉकेलचा वास येत होता. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

चौथ्या दिवशी मी घरच्यांची नजर चुकवून फाटकावर गेले. पावसाने रान आता खरोखरच हिरवंगार होतं. शालन काच डोळ्याला लावून आपल्या जळक्या घराकडे बघत होती. दहा आकडे कधीच होऊन गेले होते.

"बाबा, काळं ते काळंच दिसायलंय," ती म्हणाली.

मी सवयीने तिच्यामागे नंबर लावला. मामांनी तिच्या हातून काच घेतली, सदऱ्याला पुसली आणि खिशात ठेवली.

"तुमी घरी जावा, बाई," ते मला म्हणाले.

मी नऊ वर्षांची होते. त्याच महिन्यात ते बदली घेऊन गेले. 'बारके' म्हणून मला पुन्हा कुणी हाक मारली नाही.