तव्याची सुट्टी

श्रावणातल्या स्वयंपाकघरांवर तनयाला पीएच.डी. करायची होती, आणि गाडी एका प्रश्नावर अडली होती. विषयाचं टिपण वाचून मार्गदर्शक सरांनी विचारलं होतं, "वडील शनिवार पेठेतले, आई सिंधी. तू स्वतःला नक्की कुठली समजतेस? एक समाज निवड. नाहीतर विषय पुढच्या वर्षावर जाईल."

विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये वरण आणि सिंधी कढी आलटून पालटून शिजे. निवडायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

विषयाचं मूळ तिच्या एका जुन्या घोटाळ्यात होतं. पिंपरीला आजोळी थदडीचा सण असे. आदल्या दिवशीच सगळं रांधायचं, मग शेगडीवर पाणी शिंपडून तिची पूजा करायची. दुसऱ्या दिवशी घरात विस्तव नाही, सगळे गार जेवत. दुसरीत असताना ती नागपंचमीला सत्यशीलाआत्याकडे गेली. आज तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, असं आत्या म्हणाली. तनयाला वाटलं, हा तर ओळखीचाच सण. आत्याची पाठ वळताच तिनं पेटत्या गॅसवर तांब्यातलं पाणी शिंपडलं. पुरणाची दिंडं अर्धकच्ची राहिली.

आत्यानं आधी गॅस बंद केला, खिडकी उघडली, मग म्हणाली, "तुझ्या आजोळी गॅसलाही सुट्टी असते वाटतं. आमच्याकडे फक्त तव्याला."

सगळे हसले. तनया मात्र त्या वाक्यापाशीच राहिली. इथे तवा विसावतो, तिथे विस्तवच. हे कुणी ठरवलं असेल?

यंदाच्या नागपंचमीला ती पुन्हा आत्याकडे गेली. प्रबंधातून बहुधा आईकडचं घर वगळावं लागेल, सिंधी बोलता येतं पण वाचता येत नाही, असं तिनं सांगितलं. आत्या दिंडांना वाफ काढत होती. भांड्यावर झाकण ठेवून तिनं विचारलं, "पण थदडीला चहाचं काय करतात गं?"

तनयाला ठाऊक नव्हतं. लहानपणी तिला तिथे दूधच मिळे.

"मग हेमाला विचार, तुझ्या आईला. फोन लाव."

इतक्या वर्षांत आत्यानं आईला तिच्या माहेराबद्दल काही विचारल्याचं तनयाला आठवेना. फोनवर आई आधी गोंधळली, मग हसली. "माझे बाबा कोपऱ्यावरच्या टपरीवर जायचे चहाला, वन्सं. आईला माहीत असायचं. ती विचारायची नाही."

आत्यानं दाराकडे मान वळवली. "आमचे हे आत्ता देवळात गेलेत. येतील डोसा खाऊन."

टपरीवरचा चहा आणि आत्याच्या यजमानांचा डोसा घालून तनयानं टिपण नव्यानं लिहिलं. चूल विसावते तेव्हा घराबाहेर कोण पडतं, आणि कळूनही न विचारणारं कोण असतं? याचं उत्तर एका घरात मिळणार नव्हतं. तिला मात्र दोन्ही घरांत विचारता येत होतं, हेही तिनं लिहिलं.

सरांनी ते दोनदा वाचलं. शीर्षक फार लांब आहे म्हणाले, ते छाटलं आणि खाली सही केली. ती दारापर्यंत पोचली तेव्हा मागून दबका आवाज आला, "तनया, त्या डोशाचं आत्यांना कळलं कसं?"