मशरूम सॉसचं पिठलं

माझ्या हातचं चिकन खाऊन आजवर कोणीही आजारी पडलेलं नाही. पहिल्या वेळी ते कोणी खाल्लंच नाही, आणि त्यानंतर खाणारी माझी सख्खी मुलगी होती, त्यामुळे तक्रार बाहेर गेली नाही.

आधी माझी ओळख. मी मूळचा निपाणीचा. बेंगळुरात, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात होतो. यंत्राचे सुटे भाग मोजायचे आणि केसभर जरी कमी-जास्त भरले तरी बाजूला काढायचे, हे माझं काम. माझ्या नजरेतून काही सुटत नाही अशी माझी ख्याती होती (ती पसरवणाराही मीच). आता निवृत्त होऊन कारखान्याजवळच्याच फ्लॅटमध्ये एकटा राहतो. सुमन, माझी बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगी अमृता बेळ्ळंदूरला नोकरी करते आणि ऑफिसजवळच भाड्यानं राहते. नकाशात बघितलं तर आमच्यात फारसं अंतर नाही. पण बेंगळुरात अंतर नकाशावर मोजत नाहीत, सिग्नलवर मोजतात.

सुमन गेल्यावर अमूनं मला दम दिला होता. "पप्पा, तुम्ही नीट जेवला नाहीत ना, तर सरळ निपाणीला काकांकडे नेऊन सोडीन."

काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. माणूस लाखात एक, पण पहाटे साडेचारला उठतो आणि एकट्यानं उठणं त्याला आवडत नाही! तेव्हा मी थाप मारली. "अगं, काळजी करू नकोस, मी स्वयंपाक शिकलोय!"

खरं म्हणजे मी मेसचा डबा लावला होता. रोज साडेबाराला तो दाराच्या कडीला अडकवलेला असायचा. पण संध्याकाळी अमूचा फोन आला की ती विचारायची, "आज काय केलंत पप्पा?" मग मी खिडकीशी जाऊन वास घ्यायचो. शेजारी गिरिजाक्का राहतात, दावणगेरेच्या. त्यांच्या घरातून सांबाराचा वास आला की आमच्याकडे सांबार. वांग्याचा आला की आमच्याकडे भरली वांगी. एकदा अक्का आठवडाभर माहेरी गेल्या, तर मी सात दिवस सलग खिचडी केली! अमू म्हणाली, "पप्पा, पोट बिघडलंय का?"

थाप मात्र फार चांगली लागू पडली. आधी अमू दर रविवारी यायची. मग पंधरा दिवसांनी यायला लागली, मग महिन्यानं. "तुम्ही आता मस्त सेट झालात, मला काही टेन्शनच नाही," असं ती एकदा फोनवर म्हणाली. मी "हो, हो, एकदम!" म्हणालो आणि फोन ठेवून बराच वेळ टीव्हीवरच्या जाहिराती बघत बसलो. रविवार हा इतका लांबलचक वार आहे हे नोकरीत असताना कधी लक्षात आलं नव्हतं.

आणि मग एका गुरुवारी तिचा फोन आला. "पप्पा, या रविवारी जेवायला येतेय. पण सांबार-बिंबार नको हं. मी एक रेसिपी पाठवलीय. वन-पॅन चिकन, मशरूमचा क्रीमी सॉस. एकच पॅन लागतो, अर्ध्या तासात होतं. तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ!"

खरं सांगून टाकायची ही वेळ होती. पण मी म्हणालो, "त्यात काय एवढं!" माझा हिशोब साधा होता. चिकन असं फक्कड जमलं पाहिजे, की पोरगी पुढच्या रविवारीही आपण होऊन आली पाहिजे. त्यापलीकडे मला काही नको होतं.

आता आमच्या निपाणीकडे जत्रेचं मटण पुरुषच करतात. मीही कित्येक जत्रांत चुलीपाशी उभा राहिलोय. कांदे सोलायला! तरी तेवढ्या अनुभवाच्या जोरावर मी रविवारी सकाळी नऊला स्वयंपाकघरात शिरलो.

पहिली अडचण पॅनची. सुमनच्या राज्यात चिकनची भांडी वेगळी, ती बाल्कनीतल्या फळीवर. तिथे पातेली होती, कढई होती, पण पसरट खोल पॅन एकच आणि तो आतला. त्यात ती फक्त उपासाची साबुदाण्याची खिचडी करायची. त्याला अंड्याचा चमचासुद्धा लागू द्यायची नाही. मी पॅन हातात घेऊन हॉलमध्ये गेलो आणि तिच्या फोटोला म्हणालो, "सुमन, पोरगी येतेय गं." तिनं काही उत्तर दिलं नाही. (जिवंत असताना असं कधी झालं नव्हतं!) मग मी फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला. पाठमोऱ्या फोटोकडे बघून जरा कसंतरीच झालं, पण वेळ नव्हता.

मशरूमचे पातळ एकसारखे काप करा, असं रेसिपीत होतं. एकसारखे म्हणजे नक्की किती? रेसिपीवाल्यांनी माप दिलं नव्हतं, हे माझ्या खात्यात चाललं नसतं. मी निरोपसमारंभात मिळालेला, जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि प्रत्येक काप मोजला. जाड-बारीक झालेले सगळे बाजूला. अकरा वाजले तेव्हा पास झालेले काप मूठभर होते आणि नापास झालेल्यांचं ताट भरलं होतं. शेवटी नापासांनाही आत घेतलं. तीस वर्षांत पहिल्यांदाच!

मग चिकन. 'दोन्ही बाजूंनी लालसर परतून घ्या' असं लिहिलं होतं. पण आमच्याकडे चिकन म्हणजे आधी हळद-मीठ, आलं-लसूण लावून, पाणी घालून, झाकण ठेवून शिजवायचं. कच्चं चिकन तसंच परतायचं हे माझ्या हाताला पटेचना. हातानं परस्पर हळद टाकली. मीठ टाकायला गेलो तर बरणीतल्या मिठाचा दगड झालेला. त्याला हातोडीनं फोडून एक खडा आत सोडला. मग मशरूम घातले, दूध घातलं, क्रीम घातलं. रेसिपीतल्या फोटोत सॉस पांढराशुभ्र होता. माझा हळदीच्या नवरीसारखा पिवळाजर्द! पण चव घेतली, तर बरी होती. साडेअकराला मी गॅस बंद करणार, तोच फोन वाजला.

"पप्पा, मी सिल्क बोर्डला आलेय. वीस मिनिटांत पोचते!"

म्हटलं, पोरीला गरम-गरम मिळू दे. गॅस बारीक करून ठेवला. बाराला सॉस आटून लेपासारखा झाला. मी फोन केला. "कुठे आहेस?"

"सिल्क बोर्डला."

"अगं, आज रविवार ना? त्या चौकात आजही ट्रॅफिक?"

"पप्पा, रविवारी ऑफिस नसतं म्हणून तर सगळे बाहेर पडतात!"

मी पेलाभर पाणी घातलं. सॉस सैल झाला. जरा जास्तच सैल झाला, मशरूम पोहायला लागले. तेवढ्यात दारात गिरिजाक्का आल्या. अक्का कट्टर शाकाहारी. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, पदर नाकाला लावला आणि आत डोकावल्या. त्या कन्नडात बोलतात, मी निपाणीचा असल्यामुळे मला सगळं कळतं (आणि त्याचा उपयोग होतोच असं नाही).

"काय अण्णा, आज तुमच्या घरातून वास?" त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. "गॅस चालू आहे तुमचा?"

"अमू येतेय, अक्का. पण हे पाणीदार झालं हो."

"सरी, सरी. त्यात काय! स्वल्प बेसन लावा, घट्ट होतं." असं म्हणून त्यांनी घरातून वाटीभर बेसन आणलं आणि बाहेरूनच हात लांब करून दिलं.

मी स्वल्प लावलं. गुठळ्या झाल्या. गुठळ्या मोडल्या, तर कच्च्या पिठाचा वास यायला लागला. "अक्का, वास येतोय!"

"लिंबू पिळा!" पदराआडून सल्ला आला.

पिळलं. आणि बघता बघता क्रीम फाटलं! इकडे पाणी, तिकडे पांढऱ्या गुठळ्या, मधूनच एक तंगडी वर आलेली. मी घाबरून उरलेलं बेसन सगळं ओतलं आणि जोर लावून घोटलं. पाचच मिनिटांत पॅनमध्ये रटरट आवाज यायला लागला. रंग पिवळा, वर बुडबुडे. हे दृश्य मी लहानपणापासून ओळखत होतो. समोर पिठलं होतं! आणि पिठलं समोर आल्यावर मराठी माणसाचा हात काय करतो? मी तेल तापवलं, मोहरी टाकली, कढीपत्ता टाकला आणि त्या वन-पॅन चिकनला चर्र करून फोडणी दिली.

साडेबाराला अमू आली. घामाघूम झालेली, पण हसत. आल्या आल्या तिनं झाकण काढलं, चमचा घातला आणि थांबली.

"पप्पा..."

"हं?"

"पिठल्यात हाड आहे."

"ते चिकन आहे," मी म्हणालो.

"आणि ही फोडणी?"

"ती आपली पद्धत आहे!"

ओट्यावरची हातोडी तिनं पाहिली. मग मिठाची बरणी पाहिली. मग एकेक डबा उघडायला लागली. जिरं तळाशी, धणे नाहीतच, चहाची पूड तेवढी गच्च भरलेली. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मालाची तपासणी केली, पण माझ्या घराची अशी तपासणी कोणी केली नव्हती. नेमक्या त्याच वेळी दारातून गिरिजाक्कांचा निष्पाप आवाज आला.

"अण्णा, तुमचा मेसचा डबा आला बघा. कडीला आहे. घेऊ का आत?"

डबा बंद करायला सांगायचं मी विसरलो होतो!

अमूनं डबा आणला. टेबलावर मांडला. दोन चपात्या, कोबी, पातळ आमटी, भात. तिनं दोन ताटं घेतली, एकेक चपाती वाढली, कोबीचे दोन भाग केले. पॅनवर झाकण ठेवून तो बाजूला सरकवला. आम्ही जेवायला बसलो.

"रोज हेच?" तिनं विचारलं.

"कोबी रोज नसतो," मी म्हणालो.

"दोन वर्षं खोटं बोललात तुम्ही माझ्याशी?"

"तुला काळजी नको म्हणून गं."

तिचा घास हातातच राहिला. डोळे भरले. "पप्पा, काळजी वाटली असती तर मी आले असते ना!"

दोन वर्षं मी वास घेऊन-घेऊन मेनू रचले, आणि दर थापेनं एकेक रविवार हातानं घालवला. एवढा हुशार माणूस मी!

जाताना तिनं हॉलमधला फोटो सरळ केला. "आईला भिंतीकडे का वळवलंय?" असं विचारलं. मी कारण सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा खळखळून हसली. मग दारात चपला घालता घालता म्हणाली, "ऐका. आता हे चिकन तुम्हाला नीट जमेपर्यंत मी दर रविवारी येणार. माझ्यासमोर शिकायचं. एकदा जमलं, की मी निर्धास्त."

तेव्हापासून अमू दर रविवारी येऊ लागली. येताना तिनं नवा पॅनही आणला. जुना पॅन मी घासून-पुसून साबुदाण्याच्या डब्याशेजारी ठेवून दिला. ती ओट्याशी उभी राहून ओरडायची, "हळद नाही पप्पा!", "झाकण काढा पप्पा!", "व्हर्नियर आत ठेवा!" दुपारी आम्ही चहा प्यायचो, ती ऑफिसातल्या भानगडी सांगायची, संध्याकाळी गिरिजाक्का येऊन बसायच्या. रविवार इतका छोटा कसा झाला ते मला कळेना.

आणि गेल्या रविवारी घोटाळा झाला. ती यायच्या आधीच मी करायला घेतलं, आणि सॉस जमला! पांढरा, मऊ, चकाकणारा. चिकन बाहेरून लालसर, आतून लुसलुशीत. चव घेतली, तर फोटोतल्या सुमनकडे बघून म्हणावंसं वाटलं, "बघ!" तीस वर्षांत इतका निर्दोष माल माझ्या टेबलावर आला नव्हता.

तेवढ्यात फोन. "पप्पा, सिल्क बोर्ड. आज जमलं का?"

मी पॅनकडे पाहिलं. मग पुढच्या रविवारकडे पाहिलं.

"बघू या आता," मी म्हणालो, फोन ठेवला, फ्रिज उघडला आणि त्या सॉसमध्ये एक अख्खं लिंबू पिळलं.

अमूनं फाटलेल्या सॉसचा एक घास खाल्ला. थांबली. तोंडातून लिंबाची बी काढून ताटाच्या कडेला ठेवली. मग दुसरी. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा फ्रिजकडे.

"अजून हात बसायचाय तुमचा," ती मान खाली घालून म्हणाली. "पुढच्या रविवारी परत बघू."

तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली हो मी, आणि दोन बिया नजरेतून सुटल्या!