आमटीची बादली आणि हजारो नावं

वरकुटे गावातल्या एका लग्नात पंगतीला बसलो होतो, पण जीव मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये अडकला होता. साखर कारखान्याच्या ऊस सभासदांसाठी मी पीएचपी या संगणकभाषेत वेबसाइट केली होती. पासवर्ड टाकला की सगळ्यांच्या ऊसतोडीच्या तारखा दिसायला हव्यात. नावं हजारो, आणि पडदा पांढराफटक! संध्याकाळी सभासदांना दाखवायचं होतं.

"लॅपटॉप सरकवा, आमटी सांडंल," वाढपी म्हणाला. डोक्याला टॉवेल, हातात भरलेली बादली, पण एक थेंब ताटाबाहेर नाही. मी त्याच्यापुढंच रडगाणं गायलं. सर्व्हर आधी सगळी यादी स्वतःजवळ गोळा करतो, मग एकदम पाठवायला जातो आणि मेमरी संपून आडवा होतो.

तो खदखदून हसला. "आवं, समदी कढईच उचलून पंगतीत आणली तर मीबी आडवा हुईन! बादली भरायची, वाढायची, रिकामी झाली की परत भरायची."

मी डाव्या हातानंच कोड बदलला. शंभर नावं काढायची, पाठवायची, मग पुढची शंभर. यादी धो धो वाहायला लागली! मी असा ओरडलो की नवरदेव दचकला.

"माझी तोड कधी हाय बघू," म्हणत वाढप्यानं फोन काढला. मी नाव विचारणार, तेवढ्यात तो म्हणाला, "जरा तिकडं तोंड करा. पासवर्ड टाकतोय."

मी गुमान तोंड फिरवलं. त्याचं नाव माझ्याच यादीत आहे. कुठलं, ते मला अजून ठाऊक नाही.