दाराशी ठेवलेला काटा

शिमग्यानंतरच्या सोमवारी, सकाळी साडेदहा वाजता, आमच्या हायस्कुलाच्या विज्ञानाच्या खोलीत राघो सखाराम याच्यावर अन्याय झाला. त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात राघो तापाने गेला. माणगावहून त्याच्या भावाचं कार्ड आलं, त्यात दोनच ओळी होत्या. मी पत्रकं लिहिणारा माणूस. विहीर सगळ्यांना खुली करा म्हणून लिहिलं, देऊळ खुलं करा म्हणून लिहिलं, हात दुखेपर्यंत लिहिलं... त्या सोमवारावर मात्र एक ओळ लिहिली नाही. आता थकलोय, तेव्हा सरळ सांगतो.

राघो महारवाड्यातला, आणि वर्गात सगळ्यांत हुशार. मास्तर त्याला दारापर्यंत येऊ देत, टेबलापर्यंत नाही. प्रयोग होता अनोळखी विद्युतघटाचा दाब मोजण्याचा. लांब फळीवर तार ताणलेली, तिच्यातून एका घटाचा प्रवाह सोडलेला. मोजायचा घट काट्याच्या यंत्रातून एका टोकदार चावीला जोडायचा, ती चावी तारेवर जागोजाग टेकवायची, आणि काटा मुळीच हलत नाही ती जागा शोधायची. तारेच्या टोकापासून तिथवरची लांबी ठाऊक असलेल्या घटाच्या लांबीशी ताडली की दाब कळतो. काम जोडीने करायचं, आणि माझ्या जोडीला राघो. म्हणून मास्तरांनी वायरी वाढवून काट्याचं यंत्र दाराशी, स्टुलावर ठेवलं. याला ते उदारपणा म्हणत. मी दाराकडे पाठ करून चावी टेकवायचो, राघो उंबऱ्याबाहेरून काटा बघायचा. "उजवीकडं सरक. अजून. आरं, नांगर धरलायस काय, येवढं न्हाय... हां. निजला." काटा थांबला की तो निजला, असंच म्हणायचा. वर्षभर आमच्याच जोडीचे आकडे सगळ्यांत चोख आले.

मग एका दात्याने एका मुलाला स्वतःच्या खर्चाने मुंबईच्या कॉलेजात शिकवायचं ठरवलं. जात पाहायची नाही, ही त्याची अट. निवड याच प्रयोगावर, प्रत्येकाने एकट्याने करायचा. त्या सोमवारी राघो पहिल्यांदा टेबलापाशी गेला. नंतर टेबल धुवायला पाण्याची बादली आधीच आणून ठेवली होती. त्याने जोडण्या बिनचूक केल्या, चावी उचलली, तारेवर दाबली आणि ओढत नेली.

चावी ओढायची नसते. उचलून टेकवायची, पुन्हा उचलायची. ओढली की तार झिजते, मग तिच्यावरची एकही लांबी खरी राहत नाही. पण दारातून त्याला वर्षभर काय दिसलं? माझी पाठ, आणि सरकणारं कोपर.

"थांब. तार खरवडलीस," मास्तर म्हणाले. "वर्षभर उभा राहून एवढंही शिकला नाहीस? बाहेर हो."

पुढचा नंबर माझा होता. मी खिडकीपाशी उभा होतो. मला सगळं कळलं होतं. मी बोललो नाही. माझ्यासाठी मास्तरांनी फळीवर नवी तार लावली... आणि मुंबईला मी गेलो.

राघो रस्त्याच्या कामावर खडी फोडायला लागला. मागच्या वर्षी माणगावच्या बाजारात भेटला, हातात सुकटीची पुडी. "काय पुढारी, आज कुनाला शिव्या?" मी तिथेच सांगून टाकलं, "राघो, चावी उचलून टेकवायची असते. मी तुला कधी सांगितलं नाही."

"ठाव हाय. तुझी पाळी आली तवा दारातनं वाकून बघितलं."

"मग तेव्हाच मास्तरांना सांगायचंस ना, मला कुणी दाखवलं नाही म्हणून."

"तू सांगितलंस?"

मग त्यानेच विचारलं, "बिडी हाय का?" आम्ही एकाच काडीवर दोन बिड्या पेटवल्या. ती शेवटची भेट.

कार्ड आल्यावर मी त्या हायस्कुलात गेलो. मास्तर बदलले आहेत. फळी तीच, तारही माझ्यासाठी लावलेलीच. स्टूल अजून दाराशी आहे, त्यावर काट्याचं यंत्र आहे. कशासाठी, ते मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

शोकसभा भरवू नका. उद्या आपल्या गावच्या शाळेत जा. विज्ञानाच्या खोलीच्या दाराशी कोण उभं आहे ते बघा. त्याला आत, टेबलापाशी न्या, चावी त्याच्या हातात द्या आणि ती कशी टेकवायची ते त्याला दिसेल असं उभं राहून दाखवा.