कडब्याची भिंत

आई गेली आणि घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. ती असताना दादाबद्दल लिहिता आलं नसतं. आता थोडं थोडं लिहिते.

निजामी संपल्यावर काही वर्षांनी आम्ही तुळजापूरला राहायला आलो. मला मुलींच्या शाळेत नोकरी लागली होती. पुजाऱ्यांच्या गल्लीत, एका घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. आई, मी आणि माझा थोरला भाऊ, दादा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. निजामीच्या शेवटच्या उन्हाळ्यात वाशीजवळच्या आमच्या गावात हत्यारबंद टोळी शिरली आणि अण्णांना घराच्या परसात ठेचून मारलं. आई आणि मी त्या वेळी सरहद्दीपलीकडे बार्शीला होतो. दादा त्यांच्याजवळ होता. नंतर तो एकटाच चालत बार्शीला आला. मी रानात होतो, म्हणाला. त्यापुढं कधी बोलला नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही.

तुळजापुरात आवाजाला तोटा नव्हता. सगळेच आवाज दादाला छळत असं नाही. मोटारींचे भोंगे, देवळातली घंटा, गल्लीतली भांडणं तो निमूट ऐकून घ्यायचा. पण कशावर काही आदळल्याचा आवाज आला, की तो उठायचा. शेजारच्या काकू उखळात मिरची कांडत होत्या. दादानं भिंतीवरून उडी टाकली, मुसळ हिसकावलं आणि त्यांचं मनगट मोडलं. एका यात्रेकरूनं पायरीवर नारळ फोडला, तर त्याला खाली ओढून त्याच पायरीवर त्याचं तोंड आपटलं. त्याचे दात दगडावर पडलेले मी पाहिले. आई मध्ये पडायची आणि मार खायची. तिच्या भुवईवर एक खोक कायमची राहिली. भर ओसरला की दादा आपल्या हातांवरचं रक्त बघून विचारायचा, "कुणाला लागलं?" आई म्हणायची, कुणाला न्हाय, जेवून घे.

घरमालक पुजारी होते. माणूस वाईट नव्हता. फाल्गुनात ते ओसरीवर येऊन बसले आणि आईकडं न बघता म्हणाले, "वहिनी, चैत्री पौर्णिमेला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. यात्रेत याच्या हातून कुणाचा जीव गेला तर? त्याच्या आत त्याला पुण्याच्या वेड्यांच्या दवाखान्यात पोचवा, न्हायतर खोली सोडा."

"ह्याच्या बापाला गावात एकटं सोडून आले," आई म्हणाली. "ह्याला न्हाय सोडणार."

खोली सोडून जायचं कुठं? तेव्हा ठरलं, की आतल्या खोलीत आवाज शिरूच द्यायचा नाही. शाळेच्या कपाटातल्या एका जुन्या मासिकात मी वाचलं होतं, की रेडिओवर बोलतात त्या खोलीच्या भिंतींना जाड मऊ अस्तर असतं, म्हणून बाहेरचा गलका आत येत नाही. आमच्या खोलीवर मातीचं जाड माळवद होतं, त्यामुळं वरून चिंता नव्हती. आवाज यायचा तो गल्लीकडच्या भिंतीतून, दारातून आणि सवण्यातून, म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून. सवणं बुजवता येत होतं. भिंतीला काय लावायचं, हा प्रश्न होता.

मी शाळेतलं गजराचं घड्याळ आणलं. पत्र्याच्या पेटीत ठेवून त्याभोवती एकेक वस्तू कोंबायची, झाकण लावायचं आणि गजर किती ऐकू येतो ते बघायचं. जळकोटहून मामा आले होते. मी घड्याळाला घोंगडीत गुंडाळताना बघून म्हणाले, "का गं, घड्याळाला थंडी वाजती व्हय?" त्या दिवसांत आई हसली ती तेवढीच.

घोंगडीनं आवाज चांगला मरत होता, पण चार भिंतींना पुरतील एवढ्या घोंगड्या आणायच्या कुठून? कापूस त्याहून चांगला, पण खोलीत रॉकेलची चिमणी लागायची, कापूस पटकन पेटतो आणि दादाचा भरवसा नव्हता. भुसा खाली बसायचा आणि वरची जागा रिकामी व्हायची. मग मामांनी आपल्या गाडीतल्या कडब्याच्या पेंढ्या सोडल्या. ज्वारी नुकतीच निघाली होती, कडबा नवा होता, अजून गोडसर वासाचा. पेटीत तो दाबून भरला तर गजर जवळजवळ गेलाच. मामा म्हणाले, "ह्याच्यापुढं काय बी न्हाय. गंजीत शिरून झोपलं तर वर ढोल वाजवला तरी कळत न्हाय." त्यांच्या घरी कडब्याची गंज लागलेली होती. त्यांनी दोन गाड्या आणून टाकल्या.

भिंतीला पेंढ्या उभ्या लावून कामट्यांनी आवळल्या, वर गोणपाट शिवलं, चिमणीची ठिणगी लागू नये म्हणून गोणपाटावर शेणमातीचा जाड हात फिरवला. दाराला आतून दुहेरी घोंगडी टांगली. सगळं झाल्यावर मी आत बसले आणि आईला बाहेर उखळात मुसळ मारायला सांगितलं. आवाजाची धार गेली होती. अगदी खालचा, बोथट धप तेवढा कुठूनतरी यायचा, जणू लांब कुणी ओलं धुणं आपटतंय. एवढ्यानं दादाचं काय बिघडणार, असं आम्हा तिघांनाही वाटलं.

सुरुवातीला तो तिथं गाढ झोपला. मालक येऊन भिंतीला हात लावून गेले, खूश होते. पुढं दादा आत जायला नाही म्हणू लागला. आत गेला की घामानं भिजायचा आणि भिंतीकडं पाठ करून बसायचा. उकाड्यानं होत असेल म्हणून आई पंख्यानं वारा घालायची.

पौर्णिमेच्या दुपारी गल्ली यात्रेकरूंनी भरली. मी दाराबाहेर बसले होते. आई ताट घेऊन आत होती. एक मेळा ढोल वाजवत आमच्या भिंतीला लागून थांबला. बाहेर तो आवाज कान फाडत होता. आत काय पोचत होतं ते मला ठाऊक होतं: धप, धप, धप.

आतून ताट आपटल्याचा आवाज आला, आणि मग दादाची आरोळी. "अण्णांना मारायलेत!"

आईनं त्याची कंबर धरली असावी. घोंगडी फाडून तो बाहेर आला तेव्हा ती त्याला लोंबकळत होती. त्यानं तिला चौकटीवर झटकलं, तिचा खांदा निखळला. दाराचा अडसर उचलून तो गल्लीत धावला. पहिला फटका ढोलवाल्याच्या कानावर बसला. दुसऱ्यानं ढोलाचं चामडं फाटलं. मधे आलेल्या एका म्हाताऱ्याचा गुडघा त्यानं फोडला. "सोडा त्यांना, सोडा," असं तो ओरडत होता. लोकांना वाटलं, कुणी दरोडेखोर घुसला. मग त्यांनी त्याला घेतला. काठ्या, दगड, नारळ, वहाणा, ज्याच्या हाताला जे लागेल ते. मला त्याचा फक्त एक पाय दिसत होता, तो आधी झटके देत होता, मग नुसता हलायला लागला. आई एका हातानं माणसं ओढत आत शिरली आणि त्याच्यावर पालथी पडली. तिच्या पाठीवरही फटके बसले. शेवटी मालक उघड्या अंगानं धावत आले, शिव्या देत लोकांना मागं रेटलं. त्यात त्यांचंही डोकं फुटलं.

मालकांनीच दादाला उचलून आपल्या पुढच्या ओसरीवर निजवलं. त्याच्या कानातून रक्त येत होतं. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, सोलापूरला न्यावं लागेल, पण वाटेत टिकेल असं वाटत नाही.

संध्याकाळी दादा शुद्धीवर आला. आवाज खोल गेला होता. तो म्हणाला, त्या दिवशी तो रानात नव्हता. टोळी आली तशी अण्णांनी त्याला परसातल्या कडब्याच्या गंजीत कोंबलं आणि वरून पेंढ्या लावल्या. ते स्वतः लपायच्या आत सापडले. गंजीच्या पलीकडंच त्यांना मारलं. त्याला आत दिसत काही नव्हतं. नुसतं धप, धप ऐकू येत होतं, आणि मधून मधून त्याचं नाव. तो बाहेर आला नाही.

"आज आलो की न्हाय, आई?"

"आलास रे," आई म्हणाली. तिचा हात झोळीत बांधलेला होता. "आलास, म्हणून वाचले ते."

तो मग म्हणाला, "खोटं नको बोलू. मी गंजीतनं समदं ऐकलंय."

आई उजव्या हातानं त्याच्या कानाखालचं फडकं बदलत राहिली. पहाटे तो गेला. मालक पायांशी बसून होते. पुण्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नव्हतं, आणि आईनं त्याला शेवटपर्यंत कुठंच, सोलापूरलाही, पाठवलं नव्हतं.